खाणीवरचं स्वयंपाकघर

आमच्या घरात चाळीस वर्षं एक वाद चालू होता आणि त्यातला एक पक्ष गेल्या वर्षी वारला.

वाद शेताचा किंवा दागिन्यांचा नव्हता. लग्नानंतर आईबाबांनी पहिला संसार मांडला तो तेलुगू मुलखात, येल्लंदूच्या बाजूला, कोळशाच्या खाणीवरच्या कॉलनीत. तिथल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराचा हा वाद होता. बाबा, म्हणजे एकनाथराव, खाणीच्या सर्व्हे ऑफिसात होते. जमिनीखालचे बोगदे मोजणं हे त्यांचं काम, त्यामुळे जमिनीवरचं कुठलंही माप आपल्याला पाठ आहे अशी त्यांची खात्री होती. ते म्हणत, स्वयंपाकघर दहा फूट लांब होतं आणि चौघांची पंगत आरामात बसायची. आई म्हणे, आठ फूट होतं, आणि त्यात मी आणि स्टोव्ह एवढेच मावायचो, तेही समजुतीनं. तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा वाद चहाबरोबर मिळायचा. काही पाहुणे दुसऱ्यांदा येताना बाजू ठरवून येत.

बाबा गेले आणि आई कशालाच नाही म्हणेनाशी झाली. जिनं आयुष्यभर रिक्षावाल्याला रस्ता आणि डॉक्टरला औषध सुचवलं, ती गुमान मागं बसू लागली. भाऊ कौस्तुभ पुण्याहून म्हणाला, इकडं राहायला ये. आई म्हणाली, बरं. मी म्हणाले, इथंच राहा. आई म्हणाली, बरं. दोन उलट्या गोष्टींना एकाच दिवशी बरं म्हणणारी ही बाई कोण आहे, असा प्रश्न मला पडायचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते. दुःखावर बरीच पुस्तकं हाताशी होती, ती मी वाचली. त्यातल्या बहुतेकांनी वेळ जाऊ द्या असं सांगितलं होतं. वेळ जात होता. आई बरं म्हणत होती.

मग एका रविवारी कपाट आवरताना बाबांचा टेप निघाला. चामड्याच्या गोल डब्यातला, पितळी दांडी फिरवून गुंडाळायचा सर्व्हेचा लांबलचक टेप. आईनं तो मांडीवर घेतला, दांडी थोडी पुढं फिरवली, थोडी मागं फिरवली आणि म्हणाली,

"रेणू, मला ते स्वयंपाकघर मोजायचंय."

वर्षभरात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. तिनं चंद्र मागितला असता तरी मी सोमवारी रजा टाकली असती.

पण गाडीनं वर्षभर जागा सोडली नव्हती. बाबांची पांढरी वॅगनार खाली पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी होती. हब्सीगुड्याहून मेकॅनिक आला, त्यानं बॉनेट उघडलं आणि आत बघून सुस्कारा टाकला. "चूहे वायराँ खा गए मॅडम. गाडी खडी रखे तो ऐसाइच होता." गाडी उभी ठेवण्यामागं भावना होती हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. त्यानं उंदरांचं घरटं काढून माझ्या हातात दिलं. घरट्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेची नोटीस बारीक कातरलेली होती. सभेच्या कागदांचा कुणाला तरी उपयोग झाल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी दुरुस्त झाल्याची बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये गाडीच्या आधी पोचली. सेक्रेटरींची पहिली चिंता अशी की गाडी हलली तर पार्किंगची जागा रिकामी दिसेल, आणि रिकाम्या जागेवर कुणी गाडी लावली तर तो प्रश्न समितीपुढं न्यावा लागेल. तोडगा म्हणून आमच्या जागेवर एक खुर्ची, एक बादली आणि तुळशीची कुंडी ठेवायचं ठरलं. कुंडी कुणी हलवत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

तळमजल्यावरचे सूर्यभानकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे रस्ते माहीत होते, पण खाण्यावरून. "उप्पलहून सिधं निघायचं. भोनगीरला थांबायचं नक्को, चहा नुसतं पाणीच आहे. जनगावच्या पुढं डाव्या हाताला एक म्हातारी मिरचीभजी काढायची. तिथून रस्ता उजवीकडं."

"ती म्हातारी अजून आहे का, काका?"

"मी गेलतो तेव्हा होती."

"कधी गेला होतात?"

"आमच्या कुलदीपच्या मुंजीच्या वेळेला... नाही, आमच्यात मुंज कुठं असते. त्याच्या दहावीच्या वेळेला." कुलदीप आता दोन मुलांचा बाप आहे. "पण रस्ता तोच आहे की. रस्ता कुठं जाणार?"

दुसऱ्या मजल्यावरच्या सुलभाकाकी मात्र सल्ला न देता सामान घेऊन आल्या. आमच्याकडं कुणी गावाला निघालं की बाकीचे त्याचे हात रिकामे ठेवत नाहीत. "काझीपेटवरून जाताच आहात, तर एवढं माझ्या बहिणीला द्या," म्हणून त्यांनी शिवणयंत्राचं डोकं आणलं. लोखंडी, काळं, सोनेरी नक्षीचं. खाली चाक आणि पायटा नसलेलं शिवणयंत्र हे फार केविलवाणं दिसतं. मी नाही म्हणण्यासाठी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "बरं."

शिवणयंत्राला मागच्या सीटवर पट्टा बांधला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पाण्याचा कॅन आणि टेप आईच्या पायाशी. पहाटे आम्ही निघालो. सूर्यभानकाका फाटकापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी मला रिव्हर्स घेताना मदत केली. बादली त्याच वेळी फुटली.

मी गाडी चालवते, पण ती चालवताना माझ्या पाठीमागं उशी असते. बाबा उंच होते, त्यांची सीट मागं सरकवलेली. ती पुढं घेण्याऐवजी मी उशी घेतली होती आणि क्लचपर्यंत पाय अंगठ्यावर पोचत होता. भोनगीरचा तो एकसंध काळा डोंगर उन्हात येऊ लागला. एखाद्या प्रचंड प्राण्यानं पाठ वर काढून झोपावं तसा. मी आईला म्हणाले, "बघ ना." आई म्हणाली, "हो." जनगावच्या आधी तळी लागली, काठानं ताडाची झाडं, पाण्यात पांढरे बगळे. ती म्हणाली, "हो." मी दख्खनच्या खडकाबद्दल, गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोळशाबद्दल आठवडाभर वाचून आले होते. कोळसा होण्याआधी तिथं जंगल कसं होतं ते मी सांगितलं. तिनं ते पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं.

जनगावच्या पुढं मिरचीभज्यांच्या म्हातारीच्या जागी पेट्रोलपंप होता. तिथं चढावर माझा पाय क्लचवरून निसटला, गाडी मागं गेली आणि हवा भरायच्या यंत्राला हळूच टेकली. पंपावरच्या सगळ्यांनी मिळून गाडी पुढं ढकलली. ढकलताना प्रत्येकानं आत वाकून शिवणयंत्राकडं पाहिलं.

आईनं माझ्या पाठीमागच्या उशीकडं पाहिलं. मग म्हणाली, "सीट पुढं घे, रेणू. त्यांना काही वाटायचं नाही."

मी खाली हात घालून कळ ओढली. सीट खाडकन पुढं आली. मी उशी मागं शिवणयंत्राशेजारी ठेवली आणि दोघींनी खिडकीबाहेर बघितलं. मग मी गाडी काढली.

काझीपेटला सुलभाकाकींची बहीण दारातच उभी राहिली आणि शिवणयंत्राकडं एकदा बघून म्हणाली, "याच्यावरूनच आमचं वाजलं होतं. बारा वर्षं मागितलं तेव्हा दिलं नाही. आता मला नक्को." तिनं आम्हाला आग्रहानं उपमा खायला घातला, सुलभाकाकींसाठी निरोप दिला (तो मी इथं लिहीत नाही) आणि शिवणयंत्र परत पट्ट्यात बांधून दिलं. त्यामुळं ते आमच्याबरोबर महबूबाबाद ओलांडून, सागाच्या जंगलातून, येल्लंदूपर्यंत आलं. संध्याकाळी लॉजच्या माणसानं विचारलं, किती जण? मी म्हणाले, दोघी. त्यानं गाडीत पाहून पुन्हा विचारलं.

सकाळी आम्ही खाणीच्या फाटकावर गेलो. आईच्या वेळची भूमिगत खाण केव्हाच बंद झाली होती. तिच्या जागी वरून खोदायची उघडी खाण सुरू झाली, ती आमच्या कॉलनीच्या दिशेनं सरकत आली आणि मग तीही बंद पडली. आता सगळा भाग कंपनीच्या ताब्यात होता आणि आत जायला पास लागत होता. पासाच्या खिडकीमागं राममोहन नावाचे अधिकारी होते, सगळे त्यांना आदरानं राममोहनगारू म्हणत. स्वभावानं अतिशय सज्जन. अडचण तीच होती.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"स्वयंपाकघर मोजायचंय," मी म्हणाले.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "मॅडम, कंत्राटदार, शैक्षणिक सहल आणि मैसम्मा देवीचं दर्शन, एवढंच आहे. दर्शन फक्त मंगळवारी. आज गुरुवार."

"आम्ही पूर्वी इथं राहत होतो."

"पूर्वी राहणाऱ्यांसाठी फॉर्मात खाना नाही." ते खरोखर दुःखी दिसले. त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्या टेबलानं फोन केला, फोनवरच्यांनी उलट विचारलं की कुठलं स्वयंपाकघर. हा प्रश्न पुढं चार ठिकाणी गेला आणि ज्या ठिकाणाहून निघाला तिथंच राममोहनगारूंकडं परत आला. अखेर त्यांनीच मार्ग काढला. शैक्षणिक सहल. "टीचर किती, स्टुडंट किती?"

मी उत्तर देण्याआधी आई खिडकीपाशी सरकली आणि तेलुगूत म्हणाली, "मी टीचर. ही स्टुडंट."

आईचं तेलुगू कॉलनीच्या नळावर शिकलेलं आहे. त्यात नमस्कार, धन्यवाद वगैरे फारसं नाही. हंडा, पाळी आणि मागं हो हे शब्द मात्र अस्सल आहेत. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं. राममोहनगारूंनी माझ्याकडं पाहिलं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, डोक्यावर पांढरे केस आहेत आणि माझ्या नावामागं पीएचडी आहे. त्यांनी ‘स्टुडंट’च्या खान्यात माझं वय लिहिलं आणि शिक्का मारला.

नियमाप्रमाणं दोघींना पिवळी हेल्मेटं आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले. आईनं साडीच्या निऱ्या बुटात खोवल्या. सोबत मल्लेश नावाचा रखवालदार दिला. तो गाडीत मागं शिवणयंत्राशेजारी बसला आणि आदबीनं त्याच्यापासून थोडा दूर सरकला.

आत रस्ता चढत गेला आणि एका वळणावर मी न सांगताच थांबले. खाली खाण होती. पायऱ्या पायऱ्यांनी खोल उतरत गेलेली, तपकिरी, मग काळी, आणि तळाशी पाणी. इतकं हिरवंनिळं पाणी मी फक्त चित्रात पाहिलं होतं. वर कुणी तरी माती टाकून टाकून डोंगर केले होते आणि त्या डोंगरांवर सुबाभूळ आणि गवत माजलं होतं. गवताला पांढरे तुरे होते. खंड्या पाण्यावरून निळी रेघ मारत गेला.

"इथं हेडगिअर होतं," आई म्हणाली. "मोठं चाक. ते फिरलं की समजायचं पाळी सुटली, भात टाकायचा." तिनं हात पाण्यावर धरला. "आणि आमची ओळ..." तिचा हात डावीकडं सरकला आणि मातीच्या डोंगरावर थांबला.

मल्लेश म्हणाला, "अम्मा, ती ओळ त्याच्याखाली गेली. लई वर्षं झाली."

मी आईकडं बघायचं टाळलं. पुस्तकांत अशा वेळी काय बोलायचं ते लिहिलेलं असतं, पण मला त्यातलं एक वाक्य आठवेना. आईच्या हातात टेप होता. वादातला दुसरा पक्ष गेला होता आणि आता पुरावाही डोंगराखाली गेला होता. ती बरं म्हणेल, असं वाटून मला भीती वाटली. ती बरं म्हणाली असती तर मी तिला गाडीत बसवून तारनाक्याला नेलं असतं, आणि मग कौस्तुभनं पुण्याला.

"सगळ्याच ओळी गेल्या?" आई म्हणाली.

"एक राहिली आहे."

"त्याच नकाशाची?"

"अम्मा, कंपनीचा नकाशा एकच."

"मग चल की. उभा काय राहिलास, मागं हो."

शेवटच्या ओळीत काही कुटुंबं अजून राहत होती. आम्ही पांढऱ्या गाडीतून, हेल्मेटं घालून, रखवालदारासह उतरलो आणि आईनं टेप बाहेर काढला. आता विचार करताना वाटतं की निदान टेप तरी पिशवीत ठेवायला हवा होता. ज्या लोकांनी दोनदा सर्व्हेवाल्यांना येताना आणि नंतर बुलडोझरला येताना पाहिलंय, त्यांच्यासमोर ती पितळी दांडी फिरवणं बरं नाही. दारं पटापट उघडली. एक म्हातारे गृहस्थ वीजबिलं घेऊन आले. कुणी रेशनकार्ड, कुणी जावयाला. सगळे एकदम बोलू लागले. त्यांची खोली मागच्या वेळी मोजताना पडवी धरली नव्हती, ती या वेळी धरावी असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

मी माझ्या पुस्तकी तेलुगूत म्हणाले की आम्ही अधिकारी नाही, शैक्षणिक सहलीला आलो आहोत. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अधिक आदरानं वीजबिलं पुढं केली.

तेवढ्यात कुणाला तरी मागच्या सीटवरचं शिवणयंत्र दिसलं. बायकांना शिवणयंत्रं देणाऱ्या योजना येतात हे सर्वांना माहीत होतं. दोन मिनिटांत ओळ लागली. मल्लेश ओळ सरळ करू लागला, त्यामुळं योजना अधिकृत झाली. मी घशाला कोरड पडेपर्यंत समजावलं. कुणी तरी मला पाणी आणून दिलं आणि ओळीत मागं उभं राहिलं.

हे सगळं आईनं मोडलं. ती गाडीच्या उघड्या दाराच्या कडेवर चढली, हेल्मेट मागं ढकललं आणि नळावरच्या तेलुगूत बोलू लागली. माझा नवरा इथं सर्व्हेत होता. तो म्हणायचा तुमचं स्वयंपाकघर दहा फूट आहे. मी म्हणते आठ. तो आता नाही. मला मोजून बघायचंय. बाकी मला कुणाची पडवी दिसत नाही आणि दिसली तरी मी कुणाला सांगणार नाही.

मग वीजबिलवाले गृहस्थ म्हणाले, "आठ." ओळीतली एक बाई म्हणाली, "नऊ असेल." तिचा नवरा म्हणाला दहाच्या खाली नाही, आणि त्या दोघांचं तिथंच जुंपलं. आईच्या चेहऱ्यावर मी वर्षानंतर तो भाव पाहिला. दुसऱ्याच्या घरात आपलंच भांडण चालू असल्याचं समाधान.

ती बाई म्हणजे राजव्वा. तिनं आम्हाला आपल्या घरात नेलं. स्वयंपाकघर अरुंद, भिंतीला हिरवा चुना, कोपऱ्यात गॅस, खिडकीतून तो मातीचा डोंगर. मी टेपचं टोक मागच्या भिंतीला धरलं, आईनं डबा दाराच्या चौकटीशी नेला आणि चष्मा वर केला.

"किती?" राजव्वाचा नवरा म्हणाला.

आई वाकून बघत राहिली. "दहा," ती म्हणाली. "दोन बोटं कमी."

बाहेरून, दारातून, खिडकीतून लोकांनी एकमेकांना दहा, दहा असं सांगितलं. मला वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन ती हरली होती, आणि तेही उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी. आईनं टेप गुंडाळला. दांडी फिरवताना ती मला म्हणाली, "दोन बोटं कमी म्हणजे दहा नव्हे. आणि चौघांची पंगत राहिलीच की. दशम्या आण गाडीतून."

राजव्वाचा नवरा, त्याची आई, वीजबिलवाले गृहस्थ आणि मी, असे चौघं ओळीनं मांडी घालून बसलो. बसलो, हे कबूल करायला हवं. गुडघे भिडले, पण बसलो. राजव्वानं ताटल्या दिल्या. आई दशम्यांचा डबा घेऊन वाढायला आत आली आणि थांबली. पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं एक पाय माझ्या ताटापाशी टाकला, तिथून पुढचा म्हातारीच्या साडीवर पडेल म्हणून मागं घेतला. गॅसपाशी जायला वाट नव्हती. शेवटी ती दाराबाहेर उंबऱ्यापलीकडं उभी राहिली आणि लांब हात करून पहिली दशमी वाढली. हेल्मेट चौकटीला खणकन लागलं.

"बघितलंस," ती म्हणाली. माझ्याशी नाही. खिडकीकडं, त्या डोंगराकडं बघून. "चौघं बसतात. बरोबर आहे तुमचं. आणि मी कुठं आहे?"

कुणाला मराठी कळत नव्हतं, पण राजव्वाला समजलं. ती सासूच्या कानाशी काही बोलली. म्हातारी हसली, उठली आणि बाहेर आली. राजव्वानं आईच्या हातातला डबा काढून घेतला, तो मल्लेशच्या हातात दिला आणि आईला खांद्याला धरून आत म्हातारीच्या जागी बसवलं. आई नको नको म्हणाली. अगदी थोडं. मग तिनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि बूट घातलेले पाय कसेबसे बाजूला दुमडले.

नंतर शिवणयंत्राचा निकाल लागला. आईनं तिथूनच सुलभाकाकींना फोन लावला आणि राजव्वा शिवण करते, तिला ते द्यावं का, असं विचारलं. फोनमधून काकींचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू आला: देऊन टाका, आणि माझ्या बहिणीला तेवढं कळवा. कौस्तुभचाही फोन आला. पुण्याचं तिकीट काढू का, असं तो विचारत होता. आई म्हणाली, "मला आता बोलता यायचं नाही, मी जेवतेय. आणि तिकीट काढायचंच तर इकडचं काढ, तुझं." मल्लेश दारात वाकून उभा होता. रखवालदाराच्या नोकरीत त्यानं कधी वाढलं नसावं. त्यानं चटणीच्या आधी लोणचं वाढलं, म्हणून आईनं त्याला सुनावलं. त्यानं दशमी मोडून अर्धी वाढली, म्हणूनही सुनावलं. मग त्यानं घाबरत घाबरत एक अख्खी दशमी तिच्या ताटात ठेवली आणि तिच्याकडं पाहिलं.

आईनं मान वर न करता ताट पुढं सरकवलं.

"अजून," ती म्हणाली.